बाहेर जाणारा बाण

७ मार्च

सोलर पॅनेलवाला गच्ची मोजून गेला. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं आमच्या चिमणीच्या. कॉलेजात जायला लागल्यापासून चिमणी घरातल्या कुठल्याही कामाला हात लावत नाही, पण टेप धरायला आपणहून धावली. गच्चीवर बाबांच्या खोलीच्या स्लॅबवरच पॅनेलं बसतील.

मूळ विचार बाबांच्या खोलीचाच होता. उन्हाळ्यात ती खोली भट्टी होते. वर सावली पडली की स्लॅब तापणार नाही, आणि वीज घरचीच म्हटल्यावर दिवसभर कूलर चालू ठेवला तरी जीव वरखाली होणार नाही. खर्चातला बराच वाटा सरकार परत देतंय, शिवाय वापरून उरलेली वीज विकतही घेतंय.

ह्यांना पटलेलं नाही. "कोणी आपणहून पैसे द्यायला लागलं की मला दाढेत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं," म्हणाले. हे कवळ्या बनवतात, त्यामुळे जगातलं सगळं त्यांना दातांतूनच दिसतं.

बाबांना सांगितलं, तर, "माझ्यासाठी एवढं कशाला? मी काय, दोन-तीन महिने आहे."

आई गेल्यावर ते दादाकडे राहिले. थंडीत माझ्याकडे आले ते एका बॅगेनिशी. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आणि हत्यारांची पेटी दादाकडेच ठेवून आले. आणवू का विचारलं की म्हणतात, "राहू दे. मी कायमचा थोडाच आलोय?" मग दिवसभर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतात. काहीही वाढा, "छान झालंय" म्हणतात.

दादाने त्यांचं नाव एका वृद्धनिवासात घालून ठेवलंय. जूनच्या शेवटी तिथे खोली रिकामी होणार आहे. बाबा अजून हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत. मला ते इथेच हवे आहेत. हे मी त्यांना सांगितलंय का, आठवत नाही. सांगितलंच असेल.

१९ मार्च

पॅनेलं चढली. खालून बघितलं तर घराने डोळ्यांवर काळा चष्मा लावल्यासारखं दिसतं. शेजारचे तीनदा बाहेर येऊन बघून गेले आणि तिन्ही वेळा झाडांना पाणी घातल्याचं नाटक केलं.

आता सगळं नव्या मीटरवर अडलंय. वीज कंपनीचा माणूस येऊन तपासणी करेल, तेव्हाच मीटर लागेल. महिनाअखेरीच्या आत हे झालं, तर आपण दिलेल्या युनिटला तोच भाव मिळेल जो आपण घेतलेल्या युनिटला मोजतो, आणि तो पुढची कितीतरी वर्षं बदलणार नाही. एक तारीख उजाडली की नव्यांना निम्मा भाव. पॅनेलवाला म्हणतो, "ताई, काळजी करू नका." तो तसं म्हणाला की मला काळजी वाटायला लागते.

२८ मार्च

तपासणीवाला उद्या येणार होता. मी उद्याची रजा काढून ठेवली होती. तो आजच आला.

घरी फक्त बाबा. त्याने विचारलं, घरमालक आहेत का? बाबा म्हणाले, नाहीत. बरं मग, जिन्याखालचा मीटरचा कप्पा उघडून देता का, गच्चीवर जाऊ का? बाबा म्हणाले, "घरचे आले की या. मी पाहुणा आहे."

त्याला बसवून पाणी दिलं, आणि परत पाठवला.

मी कंपनीला फोन केला, पॅनेलवाल्याला केला, परत कंपनीला केला. पुढची तारीख थेट एप्रिलमधली. "तुमच्याच घरचे आजोबा नको म्हणाले," तिकडची बाई म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मी बाबांवर रागावले नाही. "बाबा, निम्मे गेले," एवढंच म्हणाले आणि भाजी चिरायला घेतली. चिमणीचं म्हणणं असं की सुरीचा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला. तिला सगळं वाढवून सांगायची सवय आहे.

बाबांनी फारसं मनावर घेतलं नसावं. जेवले, "छान झालंय" म्हणाले आणि वर गेले.

६ एप्रिल

मीटर लागला. त्याच्या छोट्या पडद्यावर एक बाण येतो. आपण वीज घेत असलो की बाण घराकडे, देत असलो की बाहेर. आज भर उन्हात तो बाहेर वळला तेव्हा मी जिन्याखाली वाकून, कोळ्याची जाळी केसांत घेऊन, कितीतरी वेळ बघत राहिले. आपल्या डोक्यावर पडलेलं ऊन दुसऱ्या कोणाच्या घरी दिवा लावतंय. आणि त्याचे आपल्याला पैसे.

भाव निम्मा तर निम्मा. मग जास्त विकायचं, सरळ आहे. रात्रीच्या जेवणाला मी सगळ्यांना सांगून टाकलं की ऊन आहे तोवर घरात शक्यतो काही लावायचं नाही. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याचा पंप, सगळं दिवस मावळल्यावर.

"आणि कूलर?" ह्यांनी विचारलं.

"तोही संध्याकाळीच. दिवसा वर सावली आहे की आता."

"म्हणजे आपण घुबडांसारखं जगायचं," चिमणी म्हणाली.

बाबा एकटेच मान डोलवत होते. घरात निदान एकाला तरी माझं म्हणणं समजतं, बरं वाटलं.

१५ एप्रिल

फोनवर एक ॲप आहे. त्यात आपण बाहेर दिलेल्या विजेची दिवसभराची रेघ दिसते, सकाळी जमिनीवरून उठते आणि दुपारी डोंगर होतो. लॅबमध्ये हात रिकामा झाला की मी तेच उघडते. आज एका बाईच्या दंडाला पट्टी आवळली आणि रेघ बघत राहिले. ती म्हणाली, "ताई, रक्त घेणार आहात की हातच ठेवून घेणार आहात?" तिची माफी मागितली. शीर पहिल्याच फटक्यात सापडली, ती मला नेहमीच सापडते.

दुपारचा डोंगर गेल्या आठवड्यापेक्षा गुळगुळीत झालाय. आधी मधे मधे खाचा दिसायच्या, कोणी काही लावलं की पडतात तशा. आता एकही नाही. पॅनेलं छान बसली आहेत.

बाबा हल्ली चहा निम्माच घेतात. कप पुढे केला की वरच्या वर हात आडवा धरतात, "बास बास, निम्मा पुरे." भातही तसाच. वयाप्रमाणे भूक कमी होतच असणार.

२३ एप्रिल

बाबांना मित्र मिळाला! कोपऱ्यावरचा सलूनवाला. जेवण झालं की बाबा त्याच्याकडे जातात, ते उन्हं उतरल्यावरच येतात. मला किती हायसं वाटलं. माणूस रमला की राहील.

चिमणी म्हणाली, "आई, आजोबांच्या डोक्यावर केस किती उरलेत आणि ते सलूनमध्ये रोज काय करतात, असं तुला नाही का वाटत?"

"गप्पा मारतात."

"तू कधीतरी दुपारी वर जाऊन बघ त्यांच्या खोलीत."

"मी दुपारी कामावर असते, राणीसरकार."

ती दार आपटून गेली. हे वयच तसं.

५ मे

पहिलं बिल आलं. मी वाचलं, उलटं धरून वाचलं, ह्यांच्यापुढे टाकलं. आधीपेक्षा कमी आहे, पण अगदीच थोडं. एवढा रोजचा डोंगर गेला कुठे?

ह्यांनी भुवया तेवढ्या उडवल्या. त्या भुवयांचा मला राग आला. बँकेतली ठेव मोडायचा हट्ट माझा होता, हे त्यांना बोलून दाखवायला भुवया पुरतात.

एप्रिलमध्ये दोन-चार दिवस ढग होते, त्याने झालं असेल. आता मी आणखी काटेकोर केलंय. फ्रिजचा काटा खाली आणला. दिवसा फोनही चार्ज करायचा नाही. चिमणी म्हणते, "श्वास घेतला तर चालेल ना, की तोही रात्री?"

बाबा म्हणाले, "आईला छळू नकोस गं. ती एकटी सगळ्यांचं बघते."

दादाचा फोन आला होता. निवासवाल्यांना जूनच्या मध्यापर्यंत उत्तर हवंय. बाबा त्याला म्हणाले, "घेऊन टाकायला हरकत नाही." मी दाराशीच होते. आत जाऊन विचारायला हवं होतं. पण मशीनमधले कपडे वाळत घालायचे होते, आणि बाबांच्या बोलण्यात काही दुःखबिःख दिसलं नाही. कदाचित त्यांना तिथे समवयस्क माणसं मिळतील असं वाटत असेल. मी तरी त्यांना किती वेळ देते?

१९ मे

लॅबमध्ये सलूनवाल्याचा फोन आला. "ताई, काकांना जरा चक्कर आलीय. माझ्या खुर्चीत मान मागे टाकून निजवलंय. घाबरू नका, पण या."

गेले. बाबा त्या उंच खुर्चीत, मानेभोवती ओला टॉवेल. मला बघून उठायला लागले. मी त्यांचा हात हातात घेतला आणि मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसायचं नाव घेईना. रोज इतक्या लोकांचे हात माझ्या हातांतून जातात, मला ह्याचा अर्थ माहीत आहे. अंगात पाणीच नव्हतं. आणि हे एका दिवसात होत नाही.

सलूनवाला बिचारा सारखी माफी मागत होता. त्याला बहिणीकडे जायचं होतं म्हणून दुकान उशिरा उघडलं. बाबा बंद शटरपुढे पायरीवर बसून वाट बघत होते. उन्हात.

"घरी का नाही गेलात?" मी ओरडलेच.

बाबांऐवजी तोच बोलला. "मी पण त्यांना एकदा विचारलं होतं ताई, की काका, घरी पंखा नाही का? तर म्हणाले, आहे की, पण तो सध्या कमावतोय."

मला वाटलं, काहीतरी गंमत असेल त्यांची.

दवाखान्यात सलाइन लावायचं ठरलं. नर्सला म्हटलं, मी लावते, माझे वडील आहेत. दोनदा चुकले. शेवटी तिनेच लावलं.

२० मे

बाबांना घरी आणलं. त्यांना खाली आमच्या खोलीत झोपवलं आणि बॅग ठेवायला वर गेले. दुपारची वेळ होती. वर सावली आहे, हे खरं. पण पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापलेली. खिडकीला त्यांनी ओली चादर बांधली होती, ती वाळून कडक झाली होती. पंख्याचं बटण बंद. कूलर माझ्या नियमाप्रमाणे बंद. मी तिथे पलंगावर बसून बघितलं. फार वेळ बसवलं नाही.

खाली येऊन विचारलं, "पंखा का नाही लावत दिवसा?"

"तूच तर म्हणालीस, दिवसा काही नको."

"पंख्याचं कुठे म्हणाले मी?"

"अगं, थेंबाथेंबाने भरतं. तुझे निम्मे माझ्यामुळे गेले. म्हटलं, उरलेल्यात तरी खोट यायला नको."

"असलं कोण म्हणालं तुम्हाला?"

बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे मागे पडतंय तुमचं."

रात्री ह्यांना विचारलं, की बाबांना असं कोण म्हणालं असेल? वहिनी? चिमणी? हे म्हणाले, "तू झोप आता."

२२ मे

भाजी चिरताना हात थांबला.

सुरी तशीच ठेवून बराच वेळ उभी होते. चिमणी आत आली, माझ्याकडे बघितलं, आणि उरलेली भाजी तिने चिरली.

५ जून

दुसरं बिल आलं. पहिल्याच्या तोडीस तोड. ह्या वेळी हे भुवया न उडवता चष्मा लावून बसले. पेन्सिल घेतली, मधेच हसायला लागले, माझा चेहरा बघून थांबले.

"अगं, दिवसा आपण एक युनिट देतो ते निम्म्या भावाने. आणि कपडे, इस्त्री, पंप, कूलर सगळं रात्री लावतो, तेव्हा तेच युनिट पूर्ण भावाने विकत आणतो. म्हणजे आपलेच दात उपटून स्वस्तात विकायचे आणि रात्रीच्या जेवणाला दुसऱ्याची कवळी महागात घ्यायची!"

भाव सारखा असता तर माझा नियम निदान नुकसानीचा नव्हता. निम्मा झाला तेव्हाच सगळं उलटं करायला हवं होतं. ऊन आहे तोवरच घरात काय ते वापरून घ्यायचं, आणि राहिलेलं विकायचं. इतकं साधं. मी बाणाकडे बघत होते, बाण कुठे जातोय ते बघत होते. तो बाहेर का जातोय आणि घरात कोण आहे, हे नाही.

ह्यांना म्हटलं, "तुम्हाला एप्रिलमध्येच का नाही कळलं हे?"

"कळलं असतं. पण तेव्हा तुझ्याजवळ यायची सोय होती का?"

हे बोलणं मला लागलं. खोटं नव्हतं.

६ जून

सुट्टी होती. सकाळीच मशीन लावलं, पंप लावला, चिमणीने कपड्यांचा ढीग इस्त्रीला काढला. नंतर मी वर गेले, पंखा लावला, कूलरमध्ये पाणी भरून तोही लावला. बाबा काल परत वरच राहायला गेलेत, खाली त्यांना "अडचण" वाटते. ते पलंगावरून एकदम उठले. "अगं, बाहेर ऊन केवढं आहे! आत्ताच तर जास्त जाते ना?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगू की नको, ह्यावर रात्री बराच विचार केला होता. एवढे दिवस त्यांनी ज्यासाठी घाम गाळला त्याला काही अर्थच नव्हता, हे कसं सांगायचं? पण न सांगता कूलर लावला असता तर मी खाली उतरताच त्यांनी तो बंद केला असता.

"म्हणजे माझ्या पंख्याने काहीच कमावलं नाही?"

"तुमच्या सगळ्या दुपारी मिळून सलूनवाल्याचा आठवड्याचा चहासुद्धा नाही निघायचा, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, दुखावले. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. इतकं हसलेले ते आई असताना शेवटचे दिसले होते. "म्हणजे तू काटे उलटे फिरवत होतीस," म्हणाले, "आणि मी त्याला चावी देत होतो!"

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "ते निम्म्याचं मी बोलायला नको होतं."

"होतं असं."

"आणि त्या निवासात जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात."

वाक्य फारच छोटं निघालं. इतके महिने मी ते बोलले आहे असंच धरून चालले होते, पण तोंडातून बाहेर पडताना ते नवं कोरं होतं, मलाही ऐकायला नवं.

बाबा कूलरकडे बघत राहिले. "ह्याचा एक स्क्रू ढिला आहे," म्हणाले. "आवाज ऐकलास?"

मी खाली आले.

११ जून

ॲपमधला डोंगर आता उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसतो. एक मोठी खाच कपड्यांची, एक पंपाची. आणि दुपारभर एक लांबलचक सपाट पायरी असते, ती कूलरची. लॅबमध्ये मी फक्त ती पायरी आहे ना, एवढंच बघते, आणि फोन ठेवून देते.

आज दुपारी मधेच पायरी नाहीशी झाली. घरी फोन लावला. बाबांनीच घेतला.

"कूलर का बंद केलात?"

"अगं, स्क्रू आवळतोय. चालू ठेवून हात घालू का आत?"

"कशाने आवळताय?"

"चमच्याने. दुसरं काय आहे तुझ्या घरात?"

१४ जून

दादाला उद्या उत्तर द्यायचंय. मी बाबांना परत विचारलं नाही. एकदा बोलले आहे. त्यांना आणखी एका नियमात अडकवायचं नव्हतं. पण दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. एका माणसाच्या रक्ताच्या नळीवर दुसऱ्याचं नाव घालणार होते, वेळेवर दिसलं म्हणून बरं.

घरी आले तर बाबा खालच्या खोलीत स्टुलावर उभे. भिंतीवरचं घड्याळ काढून हातात घेतलेलं. ह्या वयात स्टुलावर! चिमणी त्यांचे पाय धरून उभी होती, तेवढं नशीब.

त्याच अवस्थेत त्यांनी मला फोन लावायला सांगितला. दादाला. मी लावून त्यांच्या कानाला धरला. हात घड्याळात अडकले होते ना.

"हं, मी बोलतोय. ऐक. तुझ्याकडे माझी पेटी आहे ना, हत्यारांची? ती पाठवून दे. … नाही नाही, तिकडे नको. इकडे. … अरे, चमच्याने किती दिवस काम करायचं माणसाने? … हो. त्यांना कळव तसं. खोली दुसऱ्या कोणाला तरी देऊ देत." आणि मला म्हणाले, "ठेव आता. आणि वरच्या टेबलाला एक दिवा लागेल मला. ह्या डोळ्यांना उजेडातही उजेड लागतो हल्ली."

"दिवसा लावा," मी म्हटलं.

"दिवसाच लावणार. व्यवहार कळतो मला."

त्यांना खाली उतरवलं. चहा केला. सवयीने निम्माच ओतला आणि त्यांच्या पुढे ठेवला. त्यांनी कपात वाकून बघितलं, मग माझ्याकडे. मी कप उचलून भरून आणला. त्यांनी मोठा घोट घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे," म्हणाले. "तू पहिल्यापासून कमीच घालतेस."